अंध वाचकांची वाचनयंत्रे : आवाजापासून स्पर्शापर्यंत

पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारे उपकरण हाती आले, परंतु त्यातील पुस्तक उघडण्यासाठीच डोळस व्यक्तीची मदत लागली, तर अंध वाचकाचे परावलंबन संपत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘किंडल २’ची उणीव नेमकी हीच होती. मजकूर वाचणारा आवाज त्यात होता. मात्र पुस्तकांची यादी व इतर पर्याय बोलत नव्हते. लेखकांची संघटना ‘ऑथर्स गिल्ड’ने हरकत घेतल्यानंतर हा आवाज बंद ठेवण्याची मुभाही हक्कधारकांना देण्यात आली. त्याच वर्षी ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने ‘किंडल डीएक्स’वर पाठ्यपुस्तके देण्याचा प्रयोग हाती घेताच अंधांच्या संघटनांनी न्यायालयात धाव घेतली, जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली. त्या वर्षीच्या नव्या ‘किंडल’मध्ये बोलके पर्याय आले. मात्र २०१२ च्या ‘पेपरव्हाइट’मधून आवाजाची सोयच वगळली गेली. २०१६ मध्ये नव्या ‘किंडल’वर ती ब्लूटूथ हेडफोनद्वारे परतली. एकदा मिळालेली सुविधा कायम राहतेच असे नाही, हे यातून दिसून आले.

छापील मजकूर वाचणारे यंत्र रे कुर्झवाइल यांनी १९७६ मध्ये सादर केले. ते टेबल व्यापणारे आणि अतिशय महाग होते. २००६ मध्ये हातात मावणारे, कॅमेरा जोडलेले वाचनयंत्र आले आणि २००८ मध्ये हीच सोय मोबाइल फोनवर उपलब्ध झाली.

तथापि केवळ ऐकून अक्षरज्ञान पक्के होत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच वाटतात. ब्रेलमध्ये मात्र ऱ्हस्व व दीर्घ इकारांची चिन्हे वेगळी असल्याने बोटांना फरक तत्काळ कळतो. शुद्धलेखन व गणितासाठी म्हणूनच ब्रेल पडदा महत्त्वाचा ठरतो. त्यातील सूक्ष्म टाचण्या विजेच्या दाबाने वाकणाऱ्या पट्ट्यांमुळे वर-खाली होतात. एका घरात सहसा आठ टाचण्या असतात आणि प्रत्येकीला स्वतंत्र यंत्रणा लागते. किंमत वाढते ती त्यामुळे. हा खर्च कमी करण्यासाठी २० घरांचा ‘ऑर्बिट रीडर २०’ विकसित झाला. दिल्लीच्या आयआयटीमध्ये विकसित झालेले ‘डॉटबुक’ २०१९ मध्ये सादर झाले.

उपकरणाइतकाच मजकूरही सुगम हवा. भारताने २०१२ मध्ये प्रताधिकार कायद्यात सुधारणा करून दिव्यांगांसाठी सुगम प्रती तयार करण्यास वाव दिला. २०१३ चा मराकेश करार मान्य करणारा भारत हा पहिला देश ठरला (२०१४). ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झाले. ‘डेझी’ स्वरूपातील पुस्तकात वाचकाला हव्या त्या प्रकरणावर वा पृष्ठावर थेट जाता येते.

मराठीपुढील अडचण वेगळी आहे. युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेली पुस्तके बोलक्या प्रणालीला निरर्थक चिन्हांसारखी भासतात, तर पानांची नुसती छायाचित्रे असलेल्या फाइली मूकच राहतात. अशा प्रतींतून अक्षरे ओळखून घेताना जोडाक्षरांत चुका होतात. प्रकाशकांनी मूळ फाइल युनिकोडमध्ये जपली, तर हा अडथळा बराचसा दूर होतो.

उपकरण निवडताना चार बाबी तपासणे हितावह आहे : पहिल्या वापरापासून सर्व पर्याय बोलतात का, मराठी आवाज आहे का, ब्रेल पडदा जोडता येतो का आणि वाचन थांबले त्याच ठिकाणी पुन्हा सुरू होते का. कोणाच्याही मदतीविना वाचता येते की नाही, हे यांवरूनच ठरते.