घोड्याच्या छातीपासून बाळाच्या छातीपर्यंत

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला आठवते ती पोटाची. छातीवर, फुप्फुसासाठी, तो प्रोब कुणी फारसा फिरवत नसे. त्या ध्वनिलहरींना हवेतून पुढे जाता येत नाही, आणि फुप्फुस म्हणजे तर हवेचंच घर! हॅरिसनच्या प्रसिद्ध वैद्यकीय पाठ्यपुस्तकातही फुप्फुसासाठी ही तपासणी निरुपयोगी असंच छापलं होतं. छापील वाक्याचा दरारा काय असतो, ते मी जन्मभर वर्गात पाहिलं आहे.

पण १९८६ साली रँटॅनन या अमेरिकन पशुवैद्यांनी घोड्यांबद्दल एक गोष्ट नोंदवली. निरोगी घोड्याच्या श्वासाबरोबर फुप्फुसाची कड पडद्यावर मागेपुढे सरकते. फुप्फुसाबाहेर हवा साठली की ते सरकणं दिसेनासं होतं. (घोड्याच्या एवढ्या रुंद छातीचा एक्स-रे काढणार तरी कसा, म्हणूनही हे सुचलं असेल!) १९९५ मध्ये पॅरिसच्या डॉ. लिश्तेनस्टाइन आणि डॉ. मेन्यू यांनी तीच खूण अतिदक्षता विभागातल्या माणसांत तपासली. हवेपलीकडचं दिसत नाही हे खरंच, पण हवा जिथे सुरू होते ती सीमा दिसते, आणि तेवढं पुरतं.

बाळांपर्यंत ही विद्या यायला आणखी बारा वर्षं गेली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट कमी असतं, त्यामुळे हवेच्या पिशव्या मिटून जातात. १९६३ साली अध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने दोन दिवसांत गेला. २००७-०८ मध्ये इटलीच्या कोपेत्ती आणि कात्तारोसी यांनी दाखवलं की या आजारात पडद्यावर अख्खं फुप्फुस पांढरं दिसतं. फुप्फुसात नुसतं पाणी राहिलं असेल, जे बहुधा आपोआप ओसरतं, तर खालचा भाग पांढरा आणि वरचा वेगळा दिसतो. वरून पाहता दोन्ही बाळांना धापच लागलेली असते.

खरी घाई फुप्फुसातून हवा बाहेर फुटली तर. मग हाताशी मिनिटंच असतात. पूर्वी खोलीत अंधार करून छातीला दिवा लावत, ती बाजू उजळली तर हवा समजत, नाहीतर एक्स-रेची वाट पाहत. २०१६ मध्ये इटलीच्या रायमोंडी आणि सहकाऱ्यांनी अशा एकाएकी बिघडलेल्या ४२ बाळांचा अभ्यास छापला. सोनोग्राफीचं उत्तर सरासरी सुमारे ५ मिनिटांत मिळालं, एक्स-रेचं १९ मिनिटांत. युरोपातल्या बालअतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये या तपासणीला आपल्या मार्गदर्शक सूचनांत जागा दिली. एक्स-रे काही गेलेला नाही. पण प्रोब काचेच्या पेटीतच आत जातो, बाळाला हलवावं लागत नाही.