‘नको’ विसरलेली भाषा

स्पॅनिशमध्ये मित्राला किंवा लहान मुलाला आज्ञा करणं सुरुवातीला फार सोपं वाटतं. ‘कांता’ म्हणजे गा, ‘कोमे’ म्हणजे खा. पण नकार आला की क्रियापदाचं रूपच पालटतं: ‘नो कांतेस’, ‘नो कोमास’. असं का? पाठ्यपुस्तक म्हणतं, पाठ करा. उत्तर लॅटिनमध्ये आहे, आणि मराठी माणसाला ते लगेच उमगावं.

‘कांता’ रोमन लोकांच्या तोंडून जसंच्या तसं आलं. मनाई करायला मात्र लॅटिनमध्ये निरनिराळ्या वाटा होत्या. त्यातली एक ‘नोली’ची. ‘नोल्ले’ म्हणजे इच्छा नसणं. त्याचं आज्ञार्थी रूप नोली, आणि पुढे मूळ क्रियापद. हे तर आपलं ‘शिवू नको’च! बायबलच्या लॅटिन भाषांतरात पुनरुत्थित येशू मग्दालेनेला ‘नोली मे तांगेरे’ म्हणतो, ते हेच. फिलिपिनो लेखक होसे रिसालची कादंबरी १८८७ साली बर्लिनमध्ये छापली गेली. पुस्तक स्पॅनिश, पण त्याचं नाव हेच लॅटिन वाक्य. स्पॅनिशमध्ये मात्र ‘नोली’ उरलंच नव्हतं.

उरली ती दुसरी वाट: ‘ने’ आणि पुढे इच्छा व्यक्त करणारं रूप, ‘कांतेस’. म्हणजे ‘तू गाऊ नयेस’. ‘येथे थुंकू नये’ या पाटीचाच हा सूर. पुढे ‘ने’ची जागा ‘नो’ने घेतली, कांतेस तसंच राहिलं. आपण नको आणि नये दोन्ही सांभाळले. स्पॅनिशने नको टाकून दिला. तिथली आई पोरावर कितीही खेकसली, तरी व्याकरणाच्या हिशेबाने ती ‘नये’च म्हणत असते.

होकारी आज्ञेतले, विद्यार्थी ज्यांना घाबरतात ते तुटके शब्द म्हणजे वापरून झिजलेली नाणी. ‘पोने’चं पोन (ठेव), ‘तेने’चं तेन (धर), ‘वेनी’चं बेन (ये). ‘दीक’मधला क गळून दी (सांग) उरलं. माझा लाडका शब्द ‘से’, म्हणजे ‘हो’. तो आला लॅटिन ‘सेदे’ म्हणजे ‘बस’पासून, कारण असणं आणि बसणं ही दोन क्रियापदं स्पॅनिशमध्ये एकमेकांत मिसळली. ‘चांगला हो’ म्हणणारा मुळात ‘चांगला बस’ म्हणतोय.

अर्जेंटिनात गोष्ट आणखी वळण घेते. ‘वोस’ मुळात अनेकवचनी, पुढे आदरार्थी, म्हणजे आपल्या तुम्हीसारखा. स्पेनमध्ये त्याची किंमत उतरत गेली आणि तो मागे पडला. ब्यूनोस आयरेसमध्ये मात्र तोच जिवलगांचा ‘तू’ झाला. त्याच्यासोबत ‘कांताद’ हे अनेकवचनी रूप शेवटचा द गमावून आलं: ‘कांता’, पण जोर शेवटच्या ‘ता’वर. झिजलेली नाणीही बरीचशी पुन्हा पूर्ण झाली: तेने, बेनी, पोने. शाळांनी हा ‘वोस’ मोडून काढायचा बराच खटाटोप केला. अखेर १९८२ साली तिथल्या साहित्य अकादमीने त्याला मान्यता दिली.

एकच क्रियापद अडलं. ‘जा’चं अनेकवचन ‘ईद’. त्यातला द गेला की उरते नुसती ‘ई’. एवढ्याशा आवाजाने कोण जाणार? म्हणून अर्जेंटिनी माणूस चालण्याच्या क्रियापदाकडून शब्द उसना घेतो आणि म्हणतो, ‘आंदा!’