जीपचा गियर-बॉक्स

गाडीची कीर्ति सहसा इंजिनाच्या वांट्यास जाते. पायांखालच्या पत्र्याआड तेलांत बुडून फिरणाऱ्या गियर-बॉक्सची आठवण तो मोडेपर्यंत कोणास होत नाहीं. विलीस कंपनीची जीप आणि तिच्यामागून आलेला चारही चाकांना जोर देणारा पिक-अप ट्रक यांचा इतिहास मात्र या पेटीच्या बाजूनें वाचला, तर तो अधिक नीट कळतो.

१९४० च्या जुलै महिन्यांत अमेरिकन लष्करानें कारखानदारांकडे एका हलक्या टेहळणी-गाडीची मागणी केली. गाडीचें वजन १३०० पौंडांच्या आंत असावें ही अट इतकी अवघड होती, कीं पुढें लष्करासच ती सैल करून २१६० पौंडांपर्यंत न्यावी लागली. विलीसचा मुख्य इंजिनियर डेलमार रूस यानें आपलें साठ अश्वशक्तीचें इंजिन सोडलें नाहीं. बाकीच्या गाडींतून मात्र मिळेल तेथून वजन काढलें. लांब बोल्ट आंखूड केले, रंगाचे थर कमी केले, असें सांगतात. अशा काटकसरीच्या हिशेबांत जड गियर-बॉक्सला जागा कोठून मिळणार? वॉर्नर गियर कंपनीचा टी-८४ हा तीन गतींचा, मोटारगाडीच्या जातीचा लहानसा गियर-बॉक्स तींत बसविण्यांत आला. विलीस व फोर्ड या दोन कारखान्यांनीं युद्धकाळांत या ठरीव नमुन्याच्या सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या, आणि त्या याच पेटीवर चालल्या.

पेटी लहान असली कीं तींतील दोन दांड्यांमधलें अंतर कमी, अंतर कमी म्हणून चक्रें लहान, आणि चक्र जितकें लहान तितका तोच पीळ पोंचवितांना त्याच्या दात्यांवर पडणारा भार अधिक. इतका साधा हा हिशेब आहे. लढाईंतल्या गाडीचें आयुष्य तसेंही थोडें; तेथें हा भार चालून गेला. शेतांत तो चालणार नाहीं, हें विलीसच्या लोकांना युद्ध संपण्यापूर्वींच उमगलेलें होतें. १९४५ सालीं जी नागरी जीप, सीजे-२ए, बाजारांत आली, तिच्यांत टी-८४ च्या जागीं टी-९० हा अधिक दणकट गियर-बॉक्स होता. त्याच्या पहिल्या गियरचें प्रमाण २.८० होतें. मंद गतीचा दुसरा टप्पा १.९७ वरून २.४३ वर नेला, मागच्या-पुढच्या ॲक्सलांचें प्रमाण ४.८८ वरून ५.३८ केलें. या तिहींचा गुणाकार केला तर लष्करी जीपमध्यें इंजिनाचे सुमारें २६ फेरे झाल्यावर चाकाचा एक होई. नागरी जीपमध्यें त्यासाठीं जवळजवळ ३७ फेरे लागूं लागले. नांगर ओढावयाचा तर हें हवेंच होतें.

१९४७ सालीं याच सामग्रीवर ११८ इंच चाकअंतराचा पिक-अप ट्रक निघाला. येथपर्यंत सर्व ठीक होतें. पुढें इंजिन मात्र वाढत गेलें: १९५० मध्यें ७२ अश्वशक्ति, १९५४ मध्यें सहा सिलिंडरांचें ११५, आणि १९६२ मध्यें १४०. इंजिनाचें बळ दुपटीहून अधिक झालें, तरी किरकोळ फेरफार सोडले तर खालीं नेहमीचा गियर-बॉक्स तोच तीन गतींचा टी-९० राहिला. १९६५ मध्यें हा ट्रक बंद होईपर्यंत ही विसंगति टिकली, आणि तिची किंमत कारखान्यानें नव्हे, तर मालकांनीं दिली.

त्यांपैकीं पुष्कळांनीं उपाय शोधला तो मोडीच्या आवारांत. जनरल मोटर्सच्या ट्रकांत १९४७ पासून वीस वर्षें एसएम-४२० नांवाचा चार गतींचा गियर-बॉक्स येत असे. त्याची पेटी साडेदहा इंचांच्या आसपास, म्हणजे ट्रकाच्या मानानें आंखूड. आणि पहिला गियर ७.०५ चा. तो विलीसच्या ट्रकांत बसविला कीं ३७ चा आंकडा ९३ वर जातो. इंजिन मिनिटास हजार फेरे घेत असतां मूळचा ट्रक सर्वांत मंद गियरमध्यें ताशीं सुमारें अडीच मैल, म्हणजे साधारण बैलजोडीच्या चालीनें जाई. नव्या पेटीनें तो एक मैलाहूनही सावकाश सरकतो. उतारावर ब्रेकला हात लावावा लागत नाहीं, चढावर क्लच जाळावा लागत नाहीं.

हें काम वाटतें तितकें सोपें नव्हे. विलीसच्या रचनेंत गियर-बॉक्सचा मागचा दांडा थेट ट्रान्स्फर केसमध्यें शिरून तेथील चक्र फिरवितो. म्हणून तो दांडा बदलावा लागतो व मध्यें जोडतबकडी घालावी लागते. पुढच्या दांड्याचें टोंक फ्लायव्हीलमधल्या बेअरिंगमध्यें टेकतें. ही मांडणी इंचाच्या कांहीं हजारांश भागानेंही तिरपी झाली, तर बेअरिंग झिजतें आणि गियर आपोआप निसटूं लागतो. घाईनें केलेल्या अदलाबदलीचें अपयश बहुधा येथेंच असतें. दोष मात्र बिचाऱ्या पेटीस दिला जातो. शिवाय ट्रान्स्फर केस मागें सरकली कीं पुढचा प्रोपेलर शाफ्ट लांब व मागचा आंखूड करणें आलें. ८० इंच चाकअंतराच्या जीपमध्यें मागचा शाफ्ट फारच तोकडा व तिरका होतो. ११८ इंचांच्या पिक-अपमध्यें तशी अडचण येत नाहीं.

रस्त्यावर यामुळें वेग वाढत नाहीं, हेंही खरें. दोन्ही पेट्यांचा शेवटचा गियर सरळ चालीचाच, ५.३८ च्या ॲक्सलावर इंजिन पूर्वींइतकेंच ओरडतें. आणि अडीचपट वाढलेला पीळ कोठें तरी पोंचावयाचाच असतो. पूर्वीं गियरचा दाता तुटे, आतां ॲक्सलचा दांडा किंवा पुढच्या चाकाचा सांधा तुटण्याची पाळी येते. म्हणून जाणता मिस्त्री गियर-बॉक्स बदलण्यापूर्वीं ॲक्सल उघडून पाहतो.

महाराष्ट्राचा या कथेशीं संबंध टी-९० च्या रूपानें आला. स्वातंत्र्यानंतर मुंबईंत महिंद्र कंपनीनें विलीस जीपची जुळणी सुरूं केली, आणि अमेरिकेंत १९६८ मध्यें बंद पडलेला सीजे-३बी हा नमुना भारतांत त्यानंतरही पुष्कळ वर्षें तयार होत राहिला. पुढें येथील जीपमध्यें डिझेल इंजिनें आलीं, आणि त्या धक्क्यापुढें तीन गतींची जुनी पेटी येथेंही अपुरी ठरून चार गतींची आली. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप शिल्लक आहे, त्यांना मात्र पहिल्या गियरला दांत्यांचा कर्र आवाज अजून ओळखीचा असेल; कारण टी-९० चा पहिला गियर गाडी पूर्ण थांबल्याखेरीज, किंवा क्लच दोनदां दाबल्याखेरीज, मुकाट्यानें पडत नाहीं.