न मागता केलेले रूपांतर

डेटाबेसच्या अभ्यासात तक्ते, इंडेक्स आणि वेग यांना मानाचे पान मिळते. एका प्रकारचे मूल्य दुसऱ्या प्रकारात कसे न्यावे, हा प्रश्न त्यापुढे किरकोळ, जवळजवळ कारकुनी वाटतो. तो तसा नाही, हे पटवून देण्यापुरता वेळ वाचकांनी द्यावा, एवढीच विनंती.

मुंबईचा एसटीडी कोड ०२२ घ्या. तो पूर्णांकाच्या रकान्यात ठेवला की २२ उरतो. पुन्हा मजकुरात आणला तरी गेलेले शून्य परतत नाही. उलट लहान पूर्णांक मोठ्या पूर्णांकाच्या जागेत ठेवला तर काहीच हरवत नाही. म्हणजे रूपांतर जमते का, याहून ते कोणाच्या सांगण्यावरून करायचे, हा खरा प्रश्न.

पोस्टग्रेस-एसक्यूएलने त्यासाठी तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. काही रूपांतरे कुठेही आपोआप होतात, काही फक्त रकान्यात मूल्य भरताना, आणि काही तुम्ही ‘कास्ट’ असे स्पष्ट लिहिल्यावरच. ही शिस्त एका दिवसात आलेली नाही. २००८ सालच्या ८.३ आवृत्तीपूर्वी तारीख किंवा संख्या गुपचूप मजकूर होऊ शके. समजा, कोणी अवतरणचिन्हे विसरून ‘तारीख < २००८-०२-०४’ असे लिहिले. उजवीकडे वजाबाकी होऊन २००२ येई, मग दोन्ही बाजू मजकूर म्हणून ताडल्या जात, आणि २००७ सालची तारीखही ‘नंतरची’ ठरे. त्रुटीचा संदेश नाही, नुसते चुकीचे उत्तर! ८.३ने ती वाट बंद केली, तेव्हा चालू असलेल्या अनेक क्वेरी अडल्या. माझ्या मते तो त्रास घेण्याजोगा होता.

सगळ्यांनी हाच मार्ग धरला असे मात्र नाही. मायएसक्यूएलमध्ये मजकुराच्या रकान्याची संख्येशी तुलना चालते, पण ‘१’ आणि ‘१अ’ दोन्ही १ ठरत असल्याने तिथे त्या रकान्याचा इंडेक्स कामी येत नाही. एसक्यूलाइट तर पूर्णांकाच्या रकान्यात ‘आंबा’ही ठेवून घेते, काटेकोर तक्त्यांची सोय तिथे २०२१मध्ये आली.

नवख्या वाचकांनी नियमांच्या कोष्टकापासून सुरुवात करू नये. आधी वरची तुलना स्वतःच्या यंत्रावर अवतरणांसह आणि अवतरणांशिवाय चालवून पाहा. अवतरणांतले मूल्य पोस्टग्रेस लगेच मजकूर मानत नाही, ‘अज्ञात’ ठेवून शेजारच्या पदाकडे पाहते. ते असे का थांबते, हे कळले की पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील.