जालना जिल्हा : राष्ट्रीय आरोग्य विम्यावरील बाह्य प्रभाव

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी रांचीत सुरू झाली. महाराष्ट्रात ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडून एप्रिल 2020 पासून एकत्रित राबवली जाते. विम्याची रक्कम आणि उपचारांची यादी दिल्ली-मुंबईत ठरते. जालन्यातल्या रुग्णाच्या पदरात त्यातले किती पडते, हे मात्र पाऊस, कागदपत्रे, रस्ता आणि डॉक्टर यांच्यावर अवलंबून असते.

पावसाचा संबंध सर्वांत थेट. राज्याची योजना ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर 2013 मध्ये जालन्यासह राज्यभर पोहोचली. मूळ लाभार्थी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेचे. पुढे शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या 14 जिल्ह्यांतले शुभ्र शिधापत्रिकेचे शेतकरीही सातबाऱ्याच्या आधारे सामावून घेतले गेले. त्यांत मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. विम्याच्या पात्रतेचा निकष इथे नापिकीने बदलायला लावला.

केंद्राची यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेवरून केलेली. त्यानंतर वेगळ्या झालेल्या चुली, लग्न होऊन आलेल्या सुना, जन्मलेली मुले यांची नावे मागाहून जोडावी लागतात. रुग्णालयात योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी ही अडचण नेमकी दिसते : शिधापत्रिकेवर ‘कडुबा’, आधारवर ‘काडुबा’, आणि रुग्ण स्ट्रेचरवर. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची पंचाईत आणखी वेगळी. माणूस कारखान्याच्या फडात आजारी पडतो आणि कागद गावाकडच्या पेटीत राहतात. या गैरसोयीची दखल धोरणकर्त्यांनी फार कमी घेतली आहे.

साथीने उलट दार उघडले. मे 2020 मध्ये, घनसावंगीचे आमदार राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना, करोनाकाळापुरते राज्यातल्या सर्व रहिवाशांना योजनेखाली आणले गेले. सर्व शिधापत्रिकाधारकांना पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला आणि जुलै 2024 पासून तो अमलात आला.

कार्ड मिळाले तरी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर जवळ हवा. मंठ्याच्या गंभीर रुग्णाला वर्षानुवर्षे शंभर किलोमीटरहून दूर, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्यावे लागत आले आहे. उपचार मोफत, पण सोबतच्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी आणि जेवणखाण विम्यात येत नाही. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाने बदनापूर-जालना पट्ट्याला वेगाचा रस्ता मिळाला. आतल्या वाड्यावस्त्यांचा पहिला टप्पा तसाच राहिला.

जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये 100 जागांनिशी सुरू झाले. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम धरता त्याची पहिली तुकडी बाहेर पडायला 2030 उजाडेल.