चिपमधील रहस्य : फ्रेंच बँक कार्डाच्या सुरक्षेचा इतिहास

प्रस्तावना :

संगणकीय प्रणालींच्या संरक्षणाचा विचार करताना पासवर्ड, अँटिव्हायरस यांसारखी सॉफ्टवेअर साधने प्रथम डोळ्यांसमोर येतात. तथापि, गुप्त माहिती इलेक्ट्रॉनिक घटकाच्या आतच बंदिस्त ठेवावी व ती बाहेरून वाचता येऊ नये, या कल्पनेलाही अर्धशतकाचा इतिहास आहे. अशा हार्डवेअर-आधारित सुरक्षेवर कितपत विसंबावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात फ्रेंच बँक कार्डाच्या आधारे केला आहे.

चिप कार्डाचा उदय :

चुंबकीय पट्टीवरील माहितीची नक्कल करणे सोपे होते. त्यावर उपाय म्हणून फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी १९७४ मध्ये स्मृती-कार्डाच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९७७ मध्ये मिशेल उगाँ यांनी कार्डातच मायक्रोप्रोसेसर बसविण्याची कल्पना मांडली. त्यामुळे कार्ड हे केवळ माहितीचे भांडार न राहता स्वतः निर्णय घेणारे साधन बनले. ग्राहकाने दिलेल्या पिन क्रमांकाची पडताळणी कार्डाच्या आतच होऊ लागली आणि सलग तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर कार्ड निरुपयोगी होत असे. १९९२ पर्यंत फ्रान्समधील बँक कार्डांवर चिप सार्वत्रिक झाली.

हम्पिश प्रकरण :

ही व्यवस्था अभेद्य मानली जात असतानाच सर्ज हम्पिश या अभियंत्याने तिच्यातील दोष शोधला. प्रत्येक कार्डावर बँकांच्या संयुक्त गुप्त किल्लीने तयार केलेले एक प्रमाणक मूल्य असे. ही किल्ली सुमारे ३२० बिट लांबीच्या संख्येवर आधारलेली होती व तिचे अवयव पाडणे १९९० च्या दशकातील संगणकांना शक्य झाले होते. अवयव सापडताच खोट्या कार्डासाठी वैध मूल्य तयार करता येत होते. असे कार्ड कोणत्याही पिन क्रमांकाला 'बरोबर' असेच उत्तर देई. म्हणजेच खऱ्या कार्डातील चिप फोडली गेली नव्हती; यंत्राची खात्री पटविणारी गणिती पद्धत कालबाह्य झाली होती.

हम्पिश यांनी १९९८ मध्ये वकिलांमार्फत बँकांच्या संघटनेशी संपर्क साधून मोबदल्याची अपेक्षा व्यक्त केली आणि पुराव्यादाखल पॅरिस मेट्रोची तिकिटे खरेदी करून दाखविली. संघटनेने फिर्याद दाखल केली. २००० मध्ये त्यांना स्थगित कारावासाची शिक्षा झाली. दोष दाखविणाऱ्यास शिक्षा झाली, तरी दोष मात्र शिक्षेने नाहीसा झाला नाही. त्याच वर्षी संबंधित संख्येचे अवयव इंटरनेटवर प्रसिद्ध झाले व बँकांना अधिक लांबीच्या किल्लीकडे वळावे लागले.

पुढील वाटचाल :

१९९९ मध्ये पॉल कॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिपच्या वीजवापरातील सूक्ष्म चढउतारांवरून गुप्त किल्लीचा शोध घेता येतो, हे दाखविले. २०१० मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी योग्य पिन ठाऊक नसतानाही चोरलेले चिप कार्ड वापरता येते, हे सिद्ध केले. भारतात रिझर्व्ह बँकेने जुनी चुंबकीय पट्टीची कार्डे बदलण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली होती. त्यामुळे हा इतिहास आपल्याही दैनंदिन व्यवहाराशी निगडित आहे.

निष्कर्ष :

चिपमुळे नक्कल करणे अवघड झाले, हे निर्विवाद आहे. परंतु हार्डवेअर एकदा वितरित झाले की लाखो कार्डांमधील दोष दुरुस्त करणे खर्चिक व वेळखाऊ ठरते. म्हणून आरंभापासूनच किल्ली बदलण्याची सोय ठेवणे, पद्धतीची खुली तपासणी होऊ देणे आणि दोष प्रामाणिकपणे कळविणाऱ्यास संरक्षण देणे, या तीन बाबी चिपइतक्याच आवश्यक आहेत, असे म्हणता येईल.