कवडी, मासळी आणि पर्यटक : मालदीवचा व्यापार

इब्न बतूता १३४३ साली मालदीवला पोहोचला व तेथे काही काळ काझी होता. बेटांवरचे लोक बंगालच्या व्यापाऱ्यांना कवड्या देऊन तांदूळ घेतात, असे त्याने नोंदवले आहे. बंगालात कवडी हे चलन होते! एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली ते चलन संपले आणि हा व्यापारही बसला. पुढे मुख्य आधार उरला तो उकडून, धुरी देऊन वाळवलेल्या टूना माशाचा. त्याचे मोठे गिऱ्हाईक श्रीलंका. १९७०च्या दशकारंभी परकीय चलनाच्या टंचाईमुळे श्रीलंकेने ही खरेदी आखडली. त्याच सुमारास, १९७२ मध्ये, कुरुम्बा हे पहिले रिसॉर्ट उघडले. गिऱ्हाईक बदलले, परावलंबन तेच राहिले. २०२० मध्ये मार्चअखेरपासून १५ जुलैपर्यंत पर्यटकांना दारे बंद होती. त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक-तृतीयांशाने घटले.

मासळीचा पर्याय आजही आहे, पण तो सोपा नाही. २०११ मध्ये मालदीव अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला (प्रगतीची ही शिक्षाच म्हणायची) आणि २०१४ पासून युरोपातील जकातमाफी गेली. शिवाय काठी-गळाने एकेक करून धरलेला हा टूना गोठवून मोठ्या प्रमाणावर थायलंडला जातो, तेथे डबाबंद होतो. प्रक्रियेचा नफा बेटांवर येतच नाही.